'परमिट रूम' : मुंबई राज्याच्या दारूबंदीतील एक शब्द आणि लंडनमधील स्मृतिरंजक उपाहारगृह

प्रास्ताविक

उन्हाळ्याच्या सुटीत लंडनला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत वस्तुसंग्रहालये, राजवाडे व थेम्स नदीवरील पूल यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एका उपाहारगृहाचे नावही येऊ लागले आहे. 'डिशूम' हे ते उपाहारगृह होय. हिंदी चित्रपटातील मारामारीच्या ध्वनीवरून नाव घेतलेले हे उपाहारगृह २०१० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात सुरू झाले आणि पुढे त्याच्या शाखा लंडनमध्ये व लंडनबाहेरही निघाल्या. मुंबईतील जुन्या इराणी हॉटेलची प्रतिकृती हे त्याचे स्वरूप. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, छताला हळू फिरणारे पंखे, भिंतीवर पारशी-इराणी कुटुंबांची धूसर छायाचित्रे, साबणाच्या व पेयांच्या जुन्या जाहिराती, असा सारा सरंजाम तेथे मांडलेला असतो. या उपाहारगृहात मद्य व कॉकटेल यांसाठी जो विभाग राखलेला असतो, त्याचे नाव 'परमिट रूम' असे आहे.

इंग्रज ग्राहकाला या नावात काहीशी गूढ, खोडकर गंमत वाटत असावी. मुंबई, पुणे, नाशिक वा सोलापूर येथून आलेल्या पाहुण्याला मात्र ही पाटी ओळखीची असते आणि म्हणूनच थोडी विचित्रही वाटते. हमरस्त्यावरील 'बिअर बार व परमिट रूम' ही पाटी त्याने गावोगावी पाहिलेली असते. तिच्यात रम्य असे काही आहे असे त्याला आजवर कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत निबंधात या एका शब्दाचा मागोवा घेऊन, भूतकाळाची सजावट करताना कोणाचा भूतकाळ निवडला जातो आणि कोणाचा वगळला जातो, याचा विचार केला आहे.

अबकारी व मद्यविरोधाची पूर्वपीठिका

मुंबई इलाख्यात मद्याचा प्रश्न दारूबंदीने सुरू झाला नाही. तो करवसुलीने सुरू झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्याचे उत्पादन व विक्री यांवर सरकारी नियंत्रण आले. ताडामाडाच्या झाडांवर कर बसला. कोकणातील भंडारी समाजाच्या माडी काढण्याच्या परंपरागत व्यवसायाला त्यामुळे मोठा धक्का बसला. मोहाच्या फुलांपासून घरगुती दारू गाळणाऱ्या ठाणे-कुलाबा भागातील आदिवासींवर १८९२ च्या मोहाविषयक कायद्याने निर्बंध आले. सरकारला दारू बंद करावयाची नव्हती. ती एकाच ठिकाणी गाळली जावी, म्हणजे तिच्यावर कर घेणे सोपे जावे, एवढाच हेतू होता. उरणच्या भट्ट्यांची भरभराट याच धोरणातून झाली. त्या भट्ट्या व शहरातील दारूचे गुत्ते यांच्या मालकीत पारशी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट पुढील घटना समजण्यासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

महाराष्ट्रातील मद्यविरोधाची परंपराही याच काळात घडली. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात दारूची दुकाने वाढविण्यास विरोध केला होता. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात मद्य म्हणजे सुधाकराचा सर्वनाश हे समीकरण पक्के झाले. तथापि या परंपरेत एक वेगळा सूरही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात असा मुद्दा मांडला की, सरकार अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढे पैसे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावेत. मद्याकडे नीतीचा प्रश्न म्हणून न पाहता गरिबाच्या खिशातून निघणाऱ्या महसुलाचा प्रश्न म्हणून पाहण्याची ही दृष्टी पुढील दारूबंदीच्या वादात फारशी टिकली नाही, हे दुर्दैव म्हटले पाहिजे.

१९३९ आणि १९४९

१९३७ च्या निवडणुकांनंतर बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. त्यातील आरोग्यमंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर स्वतः पारशी व नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याच कारकिर्दीत १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. गुत्त्यांचे मालक, ताडीच्या दुकानांतील नोकर आणि ज्यांच्या धार्मिक व सामाजिक आचारात मद्याला स्थान होते असा पारशी समाज, या सर्वांनी तिला कडवा विरोध केला. महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिल्याने हा प्रयोग अल्पजीवी ठरला.

दुसरा प्रयोग मात्र दीर्घकाळ चालला. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून, म्हणजे दांडीच्या मीठ सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. खेर मंत्रिमंडळातील गृहमंत्री व १९५२ पासूनचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई हे या धोरणाचे मुख्य आधारस्तंभ होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व आल्यामुळे धोरणाला घटनात्मक अधिष्ठानही लाभले.

या कायद्याची खरी परीक्षा न्यायालयात झाली. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बालसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी मात्र रद्द केली. याच निकालात सैन्यदलाच्या भोजनगृहांना आणि परदेशी व्यक्तींना दिलेल्या सवलती म्हणजे न्याय्य वर्गीकरण होय, असे न्यायालयाने मानले. विधिशास्त्राच्या अभ्यासकांना हा निकाल कायद्याचा अवैध भाग वैध भागापासून अलग करण्याच्या तत्त्वासाठी परिचित आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. समान नागरिकांच्या राज्यात कोण पिऊ शकतो आणि कोण नाही, याची श्रेणी न्यायालयाच्या मान्यतेने येथे निश्चित झाली.

त्यानंतरचा बेहराम खुर्शेद पेसिकाका यांचा खटलाही उद्बोधक आहे. १९५१ मध्ये कुलाब्यात त्यांच्या जीपगाडीच्या धडकेने काही पादचारी जखमी झाले आणि त्यांच्या तोंडाला मद्याचा वास येत होता. आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते, हा त्यांचा बचाव होता. घेतलेले मद्य निषिद्ध स्वरूपाचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, या भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये त्यांची दारूबंदी कायद्याखालील शिक्षा रद्द केली. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन रक्तातील मद्यांशाचे प्रमाण ०.०५ टक्क्यापेक्षा कमी नसल्यास निर्दोषित्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. ज्याला वकील लावणे परवडत होते त्याने वाट शोधली आणि सरकारने ती बुजविली. ज्याला वकील परवडत नव्हता त्याला दोन्ही वेळा सारखेच भोगावे लागले.

परवानाधारक आणि इतर

कायद्याने पूर्ण बंदी घातली, पण 'परमिट' नावाचे दार उघडे ठेवले. परदेशी नागरिकाला, बाहेरून आलेल्या पाहुण्याला, आणि वैद्यकीय दाखल्याच्या आधारे आरोग्य टिकविण्यासाठी मद्याची गरज असलेल्या व्यक्तीला परवाना मिळू शकत असे. महिन्याला किती मद्य मिळावे याचे परिमाण 'युनिट'मध्ये ठरे. १९५३ च्या मुंबई विदेशी मद्य नियमांनी या व्यवस्थेला तपशीलवार रूप दिले. हॉटेलात परवानाधारकाने जेथे बसून मद्य घ्यावे ती राखीव खोली म्हणजे 'परमिट रूम'. या शब्दाचा उगम असा निव्वळ प्रशासकीय आहे. त्या खोलीत जाणारा माणूस मौजेसाठी गेला आहे असे कायदा मानत नव्हता. तो रुग्ण आहे किंवा परका आहे, असे मानत होता.

अर्ज भरणे, डॉक्टरांचा दाखला मिळविणे, शुल्क भरणे आणि विदेशी मद्याची किंमत मोजणे ही साखळी ज्याला पेलत होती, त्याच्यापुरती दारूबंदी ही गैरसोय होती. गिरणीकामगार, गोदी कामगार, हमाल, सफाई कामगार यांच्यापुरती ती फौजदारी होती. त्यांच्यासाठी उभे राहिले ते हातभट्टीचे जग. काळा गूळ, सडकी फळे आणि नवसागर यांपासून खाडीकाठच्या झुडपांत व झोपडपट्ट्यांत दारू गाळली जाई आणि रबरी ट्यूबमध्ये भरून शहरात आणली जाई. 'नवटाक' हे शेराच्या अष्टमांशाचे जुने माप या व्यवहारात दारूच्या मापाचे नाव म्हणून रूढ झाले. वजनमापांची दशमान पद्धती आल्यावरही ते तोंडी राहिले. धोबीतलाव, माझगाव, वांद्रे या भागांत गोवेकर व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांतील अनेक स्त्रियांनी, त्यांत विधवाही होत्या, घराच्या पुढच्या खोलीत चोरून दारू विकण्याचा व्यवसाय केला. 'आंटीचा अड्डा' हा शब्द तेव्हापासूनचा. हप्ता घेणारा पोलीस आणि उधारी ठेवणारे गिऱ्हाईक या दोहोंना सांभाळून मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या या स्त्रियांचा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही. याच काळ्या बाजारातून वरदराजन मुदलियारसारख्या गुन्हेगारी सत्ताकेंद्रांचा उदय झाला, ही बाब मात्र पत्रकारितेने व चित्रपटांनी भरपूर रंगविली आहे.

संगीताच्या इतिहासातही याचा एक पडसाद आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जाझवादकांचे ताफे वाजत असत आणि त्यांच्याकडून चिक चॉकलेट (अंतोनियो झेवियर वाझ) यांच्यासारख्या गोवेकर वादकांनी ही कला उचलली. दारूबंदीनंतर हॉटेलांतील नृत्यरात्रींना उतरती कळा लागली आणि या वादकांपैकी अनेकांनी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण कक्षांत आपले बस्तान बसविले. सुवर्णकाळ म्हणून गौरविल्या जाणाऱ्या चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळात दारूबंदीचाही असा अप्रत्यक्ष हातभार आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

इराणी हॉटेल : चहाचे स्थान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, केरमान आदी भागांतून मुंबईत आलेल्या झरथुष्ट्री व मुस्लिम इराण्यांनी नाक्यानाक्यावर चहाची हॉटेले काढली. कयानी (१९०४) व बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) ही त्यांपैकी सुपरिचित नावे. कोपऱ्याची जागा अशुभ मानून हिंदू व्यापारी घेत नसत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. आख्यायिकेत तथ्य किती हे बाजूला ठेवले, तरी दोन्ही रस्त्यांना उघडे असलेले ते कोपरे शहराच्या सार्वजनिक जीवनाला फार उपयोगी पडले.

इराणी हॉटेलचे ऐतिहासिक महत्त्व ब्रून-मस्का, खिमा-पाव किंवा 'पानी कम' चहा यांच्या चवीत नाही. तेथे कोण बसू शकत होता यात आहे. ज्या काळात अनेक हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्या ग्राहकासाठी वेगळी कपबशी ठेवली जाई किंवा त्याला प्रवेशच नसे, त्या काळात इराण्याच्या संगमरवरी टेबलावर जात विचारली जात नव्हती. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावाने उल्लेख करावा लागला, यावरून हा प्रश्न किती ज्वलंत होता याची कल्पना येते. कामगार, कारकून, बेकार पदवीधर, संपातील कार्यकर्ते आणि कवी यांना एका कपावर तासभर बसू देणारी ही जागा होती. निस्सीम इझिकेल यांनी अशा हॉटेलातील सूचनाफलकावर एक मार्मिक इंग्रजी कविता लिहिली. काळाघोड्याजवळील 'वेसाइड इन' हे इराणी हॉटेल नव्हे, पण त्याच संस्कृतीतील उपाहारगृह. तेथे अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत, आणि खिडकीतून दिसणारा तो चौक २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स' या संग्रहाचा विषय झाला.

येथे एक कालविपर्यास नोंदविणे आवश्यक आहे. इराणी हॉटेल आणि कॉकटेल यांची सांगड इतिहासात क्वचितच आढळते. कॉकटेलचे जग होते ते ताजसारख्या हॉटेलांचे व क्लबांचे. बॉम्बे जिमखान्यासारख्या संस्थांत तर भारतीयांना सदस्यत्वच नव्हते, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या विलिंग्डन क्लबने भारतीयांना प्रवेश दिला हीच मोठी बातमी होती. इराण्याच्या गल्ल्यावर चहा, सोडा, रास्पबेरीचे पेय आणि बिस्किटे मिळत. काही इराणी हॉटेलांनी बिअर विकण्यास सुरुवात केली ती प्रामुख्याने बंदी सैल झाल्यानंतर, आणि तीही आर्थिक नाइलाजाने. कारण चहावर भाडे निघेनासे झाले होते. म्हणजे जी गोष्ट लंडनमध्ये इराणी हॉटेलच्या वैभवाचे अंग म्हणून मांडली जाते, ती मुंबईत बहुधा त्याच्या उतरणीची खूण होती.

बंदीची शिथिलता आणि पाटीचा प्रसार

१ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले आणि एकाच कायद्याच्या दोन वाटा झाल्या. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९७३ मध्ये महाराष्ट्र देशी मद्य नियम आले आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणारा मद्यार्क अधिकृत देशी दारूच्या रूपाने गावोगावी पोहोचू लागला. नैतिक धोरणाची जागा महसुलाने घेतली. एका अर्थी १८७८ कडेच हे पुनरागमन होते.

कायदा मात्र रद्द झाला नाही. महाराष्ट्रात मद्यविक्री आजही दारूबंदीच्याच अधिनियमाखाली होते. २०१२ मध्ये त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, एवढाच काय तो फरक. पिणाऱ्याकडे परवाना असावा ही अटही कायम राहिली. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव परवाना नाममात्र शुल्कात मिळतो. म्हणूनच 'परमिट रूम' ही पाटी महाराष्ट्रभर पसरली. विशेष म्हणजे परवाना विचारण्याची प्रथा जसजशी विरळ झाली, तसतशी पाटी अधिक ठळक झाली. दुसरीकडे वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी राहिली आणि चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. गडचिरोलीत १९९३ मध्ये आलेल्या बंदीमागे स्त्रियांच्या चळवळीचा मोठा रेटा होता, हे विसरून दारूबंदीला केवळ अभिजनांची लहर ठरविणेही अन्यायाचे होईल. विषारी दारूचे बळी तर बंदी उठल्यावरही थांबले नाहीत. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली. ती बहुतांशी मोलमजुरी करणारी होती.

लंडनमधील मुंबई

'डिशूम'च्या संस्थापकांचा स्वतःचा इतिहासही स्थलांतराचा आहे. त्यांपैकी ठकरार कुटुंब हे पूर्व आफ्रिकेतील गुजराती कुटुंब. १९७२ मध्ये इदी अमीनच्या राजवटीने युगांडातून आशियाई लोकांना हाकलल्यानंतर ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या पिढीचा वारसा त्यांच्या मागे आहे. मुंबई ही त्यांच्यासाठी कौटुंबिक आठवणींची व चित्रपटांची नगरी. ज्या इराण्यांनी यझ्दची आठवण मुंबईत आणली, त्यांच्या हॉटेलची आठवण गुजरात-आफ्रिका मार्गे आलेल्या कुटुंबाने लंडनमध्ये उभारावी, यात कृत्रिम असे काही नाही. स्थलांतरितांची संस्कृती अशीच हातोहात जाते.

शिवाय या उपाहारगृहांच्या मांडणीत अभ्यास दिसतो, हे मान्य करावयास हवे. प्रत्येक शाखेसाठी एक कल्पित कथा रचलेली असते. केन्सिंग्टनच्या शाखेला मुंबईच्या आर्ट डेको चित्रपटगृहांची व जाझची पार्श्वभूमी आहे. एडिंबरो येथील शाखा पॅट्रिक गेडिस यांना मानवंदना म्हणून सजविलेली आहे. मूळचे स्कॉटलंडचे हे नगररचनाकार १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि गो. स. घुर्ये यांच्यासारखा विद्यार्थी त्यांना लाभला. विद्यापीठाच्या एका विभागाची स्मृती उपाहारगृहाने जपावी, हे प्राध्यापकवर्गाने कौतुकाने व किंचित संकोचाने पाहण्यासारखे आहे.

मग उणीव कोठे राहते? ती निवडीत राहते. त्या भिंतींवर हॉटेलमालक आहे, जाझवादक आहे, चित्रपटतारका आहे. हातभट्टीवाला नाही, आंटी नाही, तिच्या दारात उभा असलेला हवालदार नाही. 'परमिट रूम' हे नाव घेतले, परंतु परमिट ज्यांना मिळाले नाही ते बाहेरच राहिले. उपाहारगृहाकडून इतिहासग्रंथाची अपेक्षा करू नये, हा आक्षेप रास्त आहे. जेवावयास आलेल्या माणसाला जेवू द्यावे. परंतु आज हजारो लोकांच्या मनात मुंबईच्या विसाव्या शतकाची प्रतिमा ग्रंथांपेक्षा अशा जागांतूनच तयार होते, आणि त्यात मुंबईकरही आले. २०१० नंतर मुंबई व दिल्ली परिसरातही पारशी-इराणी धाटणीची, मद्यालयासह चालणारी नवी उपाहारगृहे निघाली. परळच्या गिरण्यांच्या आवारात, जेथे १९८२ च्या संपानंतर हजारो कामगार देशोधडीला लागले, तेथे जुन्या लोखंडी खांबांचे व उघड्या विटांचे सौंदर्य दाखविणारी मद्यालये उभी राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात अशाच जागी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. वेसाइड इन मात्र कधीच बंद झाले होते.

'डिशूम'च्या चालकांनी २०२३ मध्ये ब्रायटन येथे केवळ 'परमिट रूम' याच नावाने स्वतंत्र मद्यालय-उपाहारगृह उघडले आणि त्यानंतर केंब्रिज व ऑक्सफर्ड येथेही त्या नावाच्या शाखा निघाल्या. त्याच २०२३ च्या डिसेंबरमध्ये गुजरात सरकारने गांधीनगरजवळील गिफ्ट सिटी या वित्तीय नगरीपुरती दारूबंदी सैल केली. तेथील कंपन्यांत काम करणाऱ्यांना व त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना ठरावीक हॉटेलांत व क्लबांत मद्य घेण्याची मुभा मिळाली. ती परवान्याच्या अटीवर होती, आणि ज्या अधिनियमाच्या चौकटीत ती दिली गेली तो मूळचा १९४९ चाच होता.